दुसरं माणूस नसलेली पापं

भिंगकाकांनी पवित्र व्हायचं ठरवलं आणि त्यांच्या बायकोची झोप उडाली. पहाटे पाचचा गजर काका स्वतःसाठी लावायचे, पण ऐकू यायचा तो काकूंना. मग काकू त्यांना हलवून उठवायच्या, काका पलंगाची कड धरून ‘आई गं’ म्हणत गुडघ्यांवर बसायचे, आणि ही ‘आई गं’ प्रार्थनेत धरायची की गुडघेदुखीत, हे काकूंना पहिले काही दिवस कळेना.

पहाटेपाठोपाठ चहातली साखर गेली. मग संध्याकाळचा टीव्ही गेला. मग वर्तमानपत्रातलं शब्दकोडं गेलं, जे काका पंचवीस वर्षं पेनाने सोडवत आले होते, पेन्सिलीने नव्हे. शब्दकोडं सोडवल्याने देवाची नेमकी कोणती आज्ञा मोडते, असं काकूंनी साळसूदपणे विचारलं. त्यात आसक्ती आहे, असं काका म्हणाले. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून कोडं स्वतः सोडवायला घेतलं. अडलं की त्या मोठ्याने वाचायच्या, ‘चार अक्षरी, पाण्यात राहणारा प्राणी,’ आणि काका बिनसाखरेच्या चहाचा घोट तोंडात धरून भिंतीकडे बघत बसायचे. उत्तर घशाशी आलेलं असायचं. काकूंना ते दिसायचं आणि त्या मुद्दाम ‘बेडूक’ म्हणायच्या, अक्षरं तीनच भरली तरी.

काका एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायचे. बाहेर काउंटर, आरसे, फ्रेमांच्या रांगा आणि थंडगार हवा, आत काचा घासायची चक्की, नंबर मोजायचं यंत्र, फ्रेम गरम करायची पेटी आणि काका. तीस वर्षं ते त्या खोलीत बसून काचांच्या कडा घासून त्या फ्रेमांत बसवत होते. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्यांना भिंगकाका हे नाव दिलं ते धंद्यावरून, असं काका समजायचे. खरं तर दुसऱ्याच्या चुका मोठ्या करून बघायची त्यांची जी सवय होती, तिच्यावरूनही ते पडलं होतं. गाणाऱ्यांमध्ये कोण बेसूर गेलं, शेवटच्या बाकावर कोण पेंगलं, हे उपासना संपायच्या आत काकांना ठाऊक असायचं.

तर एका रविवारी पाळकांनी पवित्रतेवर उपदेश केला. माणूस जिवंत आहे की नाही हे बघायला नाकापुढे आरसा धरतात, वाफ धरली तर जिवंत, असं ते म्हणाले. विश्वासाचंही तसंच. तो खरा असेल तर पवित्र होण्याची धडपड त्याच्यातून बाहेर पडतेच, पडत नसेल तर माणसाने घाबरावं. इतरांनी मान डोलावली आणि जेवायला घरी गेले. काका मात्र घाबरले, कारण त्या रविवारी त्यांच्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी होती.

चिठ्ठीची हकिगत अशी. काउंटरवर जी बाई बसायची, तिला सगळे ताई म्हणत. वय पस्तिशीचं, दोन लहान मुली, नवरा नाही. गिऱ्हाइकाने डॉक्टरांचा कागद आणला की त्यावरचे नंबर ताई एका चिठ्ठीवर उतरवायची, वर उजवा, खाली डावा, आणि चिठ्ठी, फ्रेम व काचा एका ट्रेमध्ये घालून आत काकांकडे सरकवायची. एका निवृत्त मास्तरांचा चष्मा असाच आत गेला. मास्तरांच्या एका डोळ्याचा नंबर चांगला जाडजूड आणि दुसऱ्याचा जेमतेम. काकांनी काचा घासल्या, बसवल्या, आणि उजवी डावीकडे व डावी उजवीकडे बसवली. फ्रेम दोन्हीकडून सारखीच, त्यामुळे काचा कुरकूर न करता बसल्या.

मास्तरांनी चष्मा घातला आणि सगळं कसंसंच दिसतंय म्हणाले. आतून काकांनी, चक्कीवरून नजर न काढता, ओरडून सांगितलं की नवा चष्मा आहे, आठवडाभरात सवय होईल. सवय व्हायच्या आत मास्तर स्वतःच्या घराची पायरी चुकले आणि मनगट मोडून बसले.

मास्तरांची सून चष्मा आणि डॉक्टरांचा कागद घेऊन दुकानात आली तेव्हा मालकांनी चौकशी केली. चौकशी फार चालली नाही. कागद बरोबर, काचा उलट. म्हणजे एक तर ताईने चिठ्ठीवर नंबर उलटे उतरवले, नाहीतर काकांनी उलटे बसवले. आता काकांच्या हातून तीस वर्षांत एक चूक नाही, हे तर मालक दर गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे. चिठ्ठी शोधली, सापडली नाही. मालकांनी ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा उतरला. त्या दिवशी धाकटीला ताप होता, माझं लक्ष नसेल, असं ती पुटपुटली. काकांनाही मनापासून तसंच वाटलं, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण काकांच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मालकांनी तिला काउंटरवरून उठवून फ्रेमा पुसायला बसवलं आणि महिना संपला की दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी काकांनी कामाचा अंगरखा धुवायला न्यायचा म्हणून झटकला, तर खिशातून चिठ्ठी पडली. ताईचं गोल अक्षर. वर उजवा, खाली डावा, दोन्ही नंबर जिथल्या तिथे.

ती फाडावी असं काकांच्या मनात आलं, पण पुरावा फाडणं म्हणजे उघड पाप. मालकांना दाखवावी, तर तीस वर्षं पाण्यात. काकांनी ती खणात ठेवली, स्क्रूच्या डबीखाली. लवकरच योग्य वेळ बघून काय ते करू, असं त्यांनी देवाला सांगितलं. देवाने काही उत्तर दिलं नाही, ते काकांनी होकारात धरलं. आणि त्याच आठवड्याच्या रविवारी पाळकांनी आरसा काढला.

तेव्हापासून पहाट, साखर, टीव्ही आणि शब्दकोडं. खणापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन काका पवित्र होत होते.

पाळक उपदेश करून थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मंडळीतल्या पुरुषांच्या जोड्या लावून दिल्या. दर बुधवारी संध्याकाळी जोडीने बसायचं आणि एकमेकांना दोनच प्रश्न विचारायचे. या आठवड्यात कुठे कमी पडलास, आणि मागच्या आठवड्यातल्याचं काय केलंस. काकांच्या वाट्याला नळदुरुस्ती करणारा एक दणकट गडी आला, ज्याला सगळी मंडळी पानाभाऊ म्हणायची, कारण उपासनेलाही त्याच्या पँटच्या मागच्या खिशात पाना असायचा. काकांना जोडी पसंत नव्हती. आपल्या आध्यात्मिक पातळीचं कोणीतरी मिळायला हवं होतं, असं त्यांनी काकूंना सांगितलंही. मग पाना कशाला लागला असता, असं म्हणून काकू पुन्हा कोड्यात डोकं घालून बसल्या.

पहिल्या बुधवारी पानाभाऊ म्हणाला की एका घरी गळका नळ नीट न करताच वरवर आवळून आलो, कारण भूक लागली होती. दुसऱ्या बुधवारी तो म्हणाला की त्या घरी परत गेलो, नळ उघडला, वॉशर बदलला, बाई दोन शब्द बोलल्या, ते ऐकून घेतले. आणि या आठवड्यात मेहुण्याची बढती ऐकून पोटात दुखलं, तर त्यालाच फोन करून सांगितलं की दुखलं. मेहुणा हसत सुटला, असंही त्याने जोडलं. काकांना हे सगळं फार ढोबळ वाटलं.

त्यांची स्वतःची कबुली कशी, बारीक घासलेली असायची. प्रार्थनेत मन पुरेसं एकाग्र झालं नाही. नम्रतेत वाढ हवी तशी नाही. शब्दकोडं सोडल्याचा किंचित अभिमान वाटला. ही शेवटची तर त्यांना स्वतःलाच फार आवडली होती. त्याचं काय केलंत, असं पानाभाऊने विचारलं की ते म्हणायचे, प्रार्थना वाढवली. पानाभाऊ मान हलवायचा आणि गप्प बसायचा.

तिसऱ्या बुधवारी तो गप्प बसला नाही. काकांनी त्या दिवशी आत्म्याच्या कोरडेपणाबद्दल बरंच सांगितलं होतं. पानाभाऊने ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, “काका, रागावू नका. मी शिकलेलो नाही. पण तुमच्या पापांमध्ये कधी दुसरं माणूसच नसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही आणि देव, दोघंच. माझं बघा, कुणाचा नळ, कुणाचा मेहुणा, कुणाची तरी बायको रागावलेली असते. मला जाऊन तोंड दाखवावं लागतं. तुम्हाला कुणाकडे जावंच लागत नाही. तीन आठवडे मी हाच विचार करतोय, की हा माणूस एवढा चांगला आहे की काय.”

काका चिडले. चिडल्याचं त्यांनी दाखवलं नाही, कारण चिडणं सोडलं होतं. आध्यात्मिक गोष्टी नळासारख्या नसतात, एवढंच म्हणून ते उठले आणि घरी चालत निघाले. वाटेत त्यांनी पानाभाऊला चार वेळा मनातल्या मनात खोडून काढलं, आणि चारही वेळा ताईचा चेहरा मध्ये आला. महिना संपायला चार दिवस उरले होते.

घरी पोचेपर्यंत त्यांना मार्ग सापडला. मार्ग इतका सुंदर होता की तो देवानेच दाखवला, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

गुरुवारी सकाळी ते मालकांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि ताईला ठेवून घ्या म्हणून त्यांनी रदबदली केली. माणूस आहे, चुकतं. दोन मुली आहेत. क्षमा करणं मोठं काम असतं. काकांचा आवाज बोलता बोलता खरोखर भरून आला. मालक विरघळले. ज्यांच्या नावाला बट्टा लागणार होता तेच तिच्यासाठी बोलताहेत, काका तुम्ही संतमाणूस आहात, असं ते म्हणाले. ताई राहील, पण फ्रेमा पुसायच्या कामावर, चिठ्ठ्या लिहायचं काम तिच्या हातात पुन्हा द्यायचं नाही, असं ठरलं. काका आपल्या खोलीत परत आले आणि दिवसभर त्यांच्या चक्कीचा आवाजसुद्धा गोड येत होता.

संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं, अर्थात चिठ्ठी वगळून. काकूंनी कोडं बाजूला ठेवलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या चेष्टेने बोलल्या नाहीत. हे मात्र खरंच चांगलं केलंत, असं म्हणून त्यांनी काकांच्या चहात न विचारता साखर घातली. काकांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. ताई मागच्या खोलीच्या दारात आली. ती कधी आत यायची नाही, ट्रे सरकवायची फट होती तिथूनच बोलायची. तिच्या हातात फ्रेमा पुसायचं फडकं होतं.

“काका, मालकांनी सांगितलं मला, तुम्ही काय केलंत ते,” ती म्हणाली. “माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं, मास्तरांचा हात मोडला, आणि तरी तुम्ही... काल मी मुलींना घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना केली. धाकटीला तुमचं नाव माहीत नाही, ती म्हणाली, देवा, आईच्या चांगल्या काकांना सांभाळ.”

काकांच्या हातात गरम केलेली फ्रेम होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही, बोट भाजलं तेव्हा सुटली. खुर्चीवरून उठताना त्यांना पलंगापाशी लागायचा तसाच आधार लागला. खण उघडून, डबी बाजूला करून त्यांनी चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढे धरली. काहीतरी नीट बोलावं असं त्यांना वाटत होतं, बुधवारी बोलायचे तसं. तसलं एकही वाक्य आलं नाही.

“तू बरोबर लिहिलं होतंस,” ते म्हणाले. “मी उलटं बसवलं. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.”

ताईने चिठ्ठी घेतली नाही. ती काकांच्या हातातच असताना तिने वाचली, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. तिचे ओठ हलत होते. काकांना वाटलं ती रडेल, आणि ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

“मला आठवत होतं,” ती म्हणाली. “मी असंच लिहिल्याचं मला आठवत होतं, काका. वर जाड नंबर, खाली बारीक. रोज आठवत होतं. आणि मी स्वतःला सांगत होते की तुला चुकीचं आठवतंय, कारण काका चुकत नाहीत.”

“माझं चुकलं. मला क्षमा कर.”

“करेन,” ताई म्हणाली. “करावीच लागेल, मीही प्रार्थना करणारी बाई आहे. पण आज नाही. आज मला राग आलाय, तो येऊ द्या.”

ती गेली आणि फ्रेमा पुसायला बसली. प्रत्येक फ्रेम रॅकवर ठेवल्याचा आवाज आत ऐकू येत होता. काका चिठ्ठी घेऊन मालकांकडे गेले. तिथे काय झालं हे लांबवण्यात अर्थ नाही. मालकांना आधी राग आला, मग कालच संतमाणूस म्हटल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. तीस वर्षं जुना माणूस काढता येत नव्हता, कारण त्याच्यासारखी काच दुसरं कोणी घासत नव्हतं. ताई त्याच तासाला काउंटरवर परत गेली. शिवाय काकांनी केलेला प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी ताईने तपासायचा, आणि त्यासाठी नंबर मोजायचं यंत्र बाहेर काउंटरवर आणायचं, असं मालकांनी ठरवलं. त्यांच्या मते ही काकांना शिक्षा होती.

दुपारी काका मास्तरांच्या घरी गेले. मास्तर प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी काकांना बसा म्हटलं नाही. काकांनी झालं ते सांगितलं, चक्कीवरून ओरडलेल्या वाक्यासकट. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं, मग, जन्म वर्गात घालवलेला माणूस तो, म्हणाले की शेवटचा भाग ऐकू आला नाही, पुन्हा सांगा. ऐकू आला होता, हे दोघांनाही माहीत होतं. काकांनी पुन्हा सांगितला. मग मास्तरांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. साखर किती, असं सुनेने विचारलं, तर काका म्हणाले, तुम्ही घालाल तेवढी.

काकूंना त्यांनी सगळं सांगितलं ते दारातच, चपला काढायच्या आधी. काल मी तुमचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही चहा का प्यायला नाहीत ते आत्ता कळलं, असं काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांना त्या रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. एकाच घरात राहून इतकं मोठं काहीतरी आपल्याला दिसलं नाही, आपण थट्टा करत बसलो, याची ती भीती होती. काकांनी त्यांचा हात धरला. असं त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं आणि तो कसा धरायचा हेही धड आठवत नव्हतं.

सोमवारी काकांनी पहिला चष्मा पूर्ण केला. चिठ्ठी दोनदा वाचली, काचांवर खुणा केल्या, स्क्रू आवळले. मग ट्रे फटीतून न सरकवता तो हातात घेऊन ते बाहेर काउंटरवर आले. ताई त्यांच्याशी अजून कामापुरतंच बोलत होती. तिने चष्मा यंत्राखाली धरला, एक डोळा मिटला, चाक फिरवलं. काका आरशांच्या मधोमध उभे होते आणि चहूकडून त्यांना ते स्वतःच दिसत होते, अंगरख्यातला एक म्हातारा, हात पुढे बांधून.

“उजवी बरोबर आहे,” ताई म्हणाली. मग दुसरी बाजू लावली आणि जरा जास्त वेळ बघत राहिली. “डावी थोडी फिरलीय. चार-पाच अंश.”

शक्य नाही, हे शब्द काकांच्या तोंडात तयार होते. ते बरीच वर्षं तिथेच तयार असायचे. त्यांनी वाकून यंत्रातून बघितलं. चार नाही, सहा अंश फिरली होती. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत डोकेदुखी झाली असती आणि त्याने ती उन्हाच्या नावावर खपवली असती.

काका सरळ उभे राहिले. मागच्या खोलीतून आजवर किती चष्मे असे बाहेर गेले असतील, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी काउंटरची कड धरली. ताईने त्यांच्याकडे बघितलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती कामाच्या पलीकडचं काही बोलली. “बसा जरा, काका,” ती म्हणाली आणि आपलं स्टूल पुढे सरकवलं.

काका बसले नाहीत. “बसतो, पण हे नीट करून,” ते म्हणाले. चष्मा घेऊन ते आत गेले, स्क्रू सैल केला आणि काच बाहेर काढली.